हेडफोनचे पॅड बदलायचेत? आधी पाऊस विचारात घ्या

गेल्या आषाढात एक मुलगा माझ्या औषधांच्या दुकानात आला आणि कानाला लावायला मलम मागू लागला. "काका, हांगा सगळें काळें काळें लागता," म्हणत त्यानं मान वळवून दाखवली. कानामागे खरंच काळे कण चिकटले होते. एक कण मी बोटावर घेतला, ट्यूबलाइटखाली धरला आणि विचारलं, "हेडफोन कुठला वापरतोस?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला ना बुरशी झाली होती ना गजकर्ण. त्याच्या ऑडिओ-टेक्निका एम५०एक्सचे पॅड झडत होते. मलम काही मी विकलं नाही, पण नवे पॅड कुठले घ्यायचे हे सांगण्यात पाऊण तास गेला आणि तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं परत गेली, असं बायकोचं म्हणणं आहे. तेव्हापासून अधूनमधून कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. एकदाचं लिहूनच ठेवतो.

माझी फार्मसी गोव्यात, फोंड्याला आहे. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली असतं. गावाची ती झोपेची वेळ, माझी ऐकण्याची. वडील उत्सवी नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. देवळापुढच्या मंडपात रात्रभर चाललेली नाटकं त्यांनी कॅसेटींवर भरून ठेवली होती, ती मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतो. खरखर कॅसेटीतली कुठली आणि हेडफोनमधली कुठली हे कळल्याशिवाय ते काम होत नाही, म्हणून या भानगडीत पडलो. घरात आज तीन हेडफोन आहेत: सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो आणि एक म्हातारा सोनी एमडीआर-७५०६. तिघांचेही पॅड मी बदललेत. त्यात एकदा सपशेल फसलोय, तेही सांगेन.

आधी झडण्याबद्दल. काळं, मऊ, चामड्यासारखं दिसणारं जे आवरण असतं ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दुकानदार त्याला पीयू लेदर म्हणतात. हवेतला ओलावा या थरातल्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो. ही हायड्रॉलिसिसची क्रिया. कपाटात जपून ठेवलेले बूट लग्नाच्या दिवशी बाहेर काढावेत आणि हॉलच्या पायरीवर पोचेपर्यंत तळव्याचा भुगा व्हावा, हे गोव्यात कोणाच्या घरी झालेलं नाही? त्या तळव्याचं आणि या पॅडचं रसायन एकच. घाम, खोबरेल तेल, सनस्क्रीन त्याला हातभार लावतात, पण मुख्य गुन्हेगार हवाच. म्हणून वापर कमी असला तरी पीयू सडतो, आणि स्वस्तात मिळाले म्हणून चार जोड्या घेऊन ठेवल्या तर चौथी जोडी पिशवीतच म्हातारी होते. मी सोनीसाठी घेऊन ठेवलेली एक जोडी तीन पावसाळ्यांनी उघडली, तर पॅड पिशवीला चिकटून बसला होता.

झडणारा पॅड निदान ओरडून सांगतो. व्हेलरचा, म्हणजे मखमली कापडाचा, पॅड गुपचूप मरतो. एचडी ६०० चे पॅड व्हेलरचे आहेत. वरून बघाल तर पाच वर्षांनीही ठीकठाक दिसतात, पण आतला फोम बसत जातो. माझ्या लक्षात आलं ते एका दुपारी, कानाची कड आतल्या कापडाला टेकते आहे असं वाटलं तेव्हा. नवी जोडी आली तेव्हा जुना पॅड शेजारी ठेवून पट्टी लावली. जुना नव्याच्या निम्म्याहून थोडाच वर होता. तेव्हा परीक्षा अशी करा: पॅड बोटानं पूर्ण दाबा आणि सोडा. साधा फोम लगेच वर यायला हवा. मेमरी फोम दोन-चार सेकंद घेतो, पण येतो. बोटाचा खळगा तसाच राहिला, किंवा कान आत कुठेही टेकायला लागला, तर आवरण कितीही शाबूत असलं तरी पॅड गेला.

आता मुख्य मुद्दा. पॅड म्हणजे कानाला टोचू नये म्हणून लावलेली उशी, असं समजून लोक पॅड घेतात आणि मग हेडफोन बिघडला म्हणतात. ड्रायव्हर, म्हणजे हेडफोनमधला छोटा स्पीकर, आणि कान यांच्यामध्ये एक एवढीशी खोली असते. तिच्या भिंती म्हणजे पॅड. खोली किती खोल, भिंती कशाच्या, दार नीट लागतं की फटी आहेत, यावर आवाज ठरतो. लग्नाचा हॉल आणि देवळाचा सभामंडप यांत एकच गाणं वेगळं लागतं ना, तसंच.

फटींचं आधी बघू, कारण ते घरी पाच मिनिटांत तपासता येतं. ५० हर्ट्झचा एकच सूर लावा. नेटवर असे सूर फुकट मिळतात. आवाज मध्यम ठेवा आणि दोन्ही कप तळहातांनी डोक्यावर अलगद दाबा. दाबल्यावर खालचा सूर एकदम वाढला तर समजा की एरवी तो कुठून तरी निसटतोय. क्लोज्ड बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या, हेडफोनमध्ये हा फरक सर्वात जास्त जाणवतो, कारण तिथे खर्जाचा सगळा भरवसा त्या बंद खोलीवर असतो. प्लॅनर हेडफोनचंही (ज्यांच्या ड्रायव्हरचा पडदा सपाट असतो) तेच: पॅड घट्ट बसला तर खर्ज तळापर्यंत सरळ उतरतो, फट पडली की ढासळतो. एचडी ६०० सारख्या ओपन बॅकमध्ये, म्हणजे मागून उघड्या कपांत, फरक कमी वाटेल, पण असतो.

माझ्या डीटी ७७० मध्ये डावीकडे डग्गा दबला होता. पॅड नवे, हेडफोन धड, मग काय? उत्तर चष्म्यात निघालं. डाव्या काडीवर मी एकदा झोपलो होतो, ती बाहेरच्या बाजूला वाकली होती आणि पॅडला वर उचलून धरत होती. चष्मेवाल्यानं दोन मिनिटांत सरळ केली, फुकट. चष्मा असेल तर पॅड मऊच हवा. टणक पॅड काडीभोवती बसत नाही, काडीवर उभा राहतो. दाढी राखणाऱ्यांनाही हाच सल्ला.

फट किती महत्त्वाची हे पटत नसेल तर माझ्या दुकानातला प्रयोग करा. पॅडच्या आणि गालाच्या मध्ये एक काडेपेटीची काडी ठेवा आणि तबला ऐका. एवढीशी काडी, पण डग्ग्याचं पोट जातं, उरते नुसती चाट.

दुसरी गोष्ट खोली. पॅड जाड झाला की ड्रायव्हर कानापासून लांब जातो, पातळ झाला की जवळ येतो. यात दोन-तीन मिलिमीटरही बोलतात. आपल्या कानाची नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून उचलून धरते. त्याच्याही वर, ८-१० किलोहर्ट्झच्या भागात, कान कपच्या आत नेमका कुठे बसलाय त्यावर काही सूर उसळतात, काही बुडतात. म्हणून पॅड बदलला की संवादातले 'स' आणि 'श' आधी बदलतात. माझ्या कॅसेटींवर हे लगेच कळतं. एक नायिका आहे (नाव नको, आजी झाल्या आता), तिचा प्रत्येक 'स' टेपवर जरा शिट्टीसारखाच उतरलाय. पॅड बरोबर असला की ती शिट्टी सोसवते. चुकीचा असला की दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

तिसरं, भिंतीचा पोत. गुळगुळीत चामडं किंवा पीयू वरचे सूर परतवतो आणि फटी नीट बुजवतो, त्यामुळे खर्ज भरतो. व्हेलर वरचे सूर थोडे पितो आणि हवा जाऊ देतो. चामड्याला आतल्या बाजूनं बारीक छिद्रं पाडलेले पॅडही असतात. ते या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात. डेकोनी किंवा ब्रेनवेव्ह्झसारख्या कंपन्या एकाच हेडफोनसाठी चामडं, व्हेलर, छिद्रांचं चामडं, अर्धं हे अर्धं ते, असे अनेक प्रकार विकतात. हौशी लोक त्यांना 'अपग्रेड' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. बनवणाऱ्यानं ड्रायव्हर एका ठरावीक पॅडशी जुळवून घेतलेला असतो. एचडी ६०० सन १९९७ पासून बाजारात आहे, आणि त्याच्या आवाजाची लोक जी तारीफ करतात ती त्याच्या मूळ व्हेलर पॅडसकटच्या आवाजाची. त्यावर मेंढीच्या चामड्याचा जाड पॅड चढवलात तर तुमच्याकडे दुसरा हेडफोन असतो. कदाचित आवडेलही, पण तो एचडी ६०० नव्हे. आणखी एक: एखाद्यानं मोजून दिलेलं इक्वलायझरचं सेटिंग तुम्ही वापरत असाल तर तेही मूळ पॅडवर मोजलेलं असतं. पॅड बदलला की ते पुसा.

म्हणून माझा क्रम साधा आहे. मूळ कंपनीचा पॅड मिळतोय आणि परवडतोय, तर तोच. डोळे मिटून. अडतं दोन ठिकाणी: मूळ पॅड मिळतच नाही, किंवा मूळ पॅडच पीयूचा आहे आणि तुम्ही गोव्यात राहता.

या दुसऱ्या अडचणीवर मी बराच विचार केलाय. पुण्या-नाशकात मुलाकडे जातो तेव्हा बघतो, तिथे पीयूचे पॅड आरामात टिकतात. इथे जूनपासून भिंतीला घाम फुटतो, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात, कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. अशा हवेत काय घ्यावं?

पीयू घेतलात तर तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा खर्च आहे असं मनाशी धरा, मोटारसायकलच्या टायरसारखा. 'प्रोटीन लेदर' असं लिहिलेलं असेल तर फार हुरळू नका. स्पर्श मऊ असतो, त्वचेला बरा वाटतो, पण नाव प्रोटीन असलं तरी कूळ पीयूचंच.

खरं चामडं, म्हणजे बहुधा मेंढीचं, हायड्रॉलिसिसनं झडत नाही. वर्षानुवर्षं टिकू शकतं. पण त्याला बुरशी धरते, आणि ओलं होऊन वाळत राहिलं की ताठरतं. घुमट (मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेलं आमचं वाद्य) वाजवणाऱ्याला विचारा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, आता बकऱ्याचं लावतात, पण पावसात ते सैल पडायचं काही थांबलं नाही. चवथीच्या आरतीआधी शेकून घेतल्याशिवाय घुमट बोलत नाही. पॅडचं कातडं त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की पॅड शेकायचा नसतो.

व्हेलर मला इथल्या हवेत सर्वात शहाणा वाटतो. झडत नाही, कान उकडत नाही, धुता येतो. वाईट दोन गोष्टी: घाम आणि तेल पितो, आणि क्लोज्ड बॅक हेडफोनवर, जिथे मूळ पॅड चामड्यासारखा होता तिथे, खर्ज थोडा पळवतो. हा सौदा ऐकून बघायला हवा. माझ्या सोनी ७५०६ चे मूळ पॅड पातळ पीयूचे. दोनदा झडल्यावर कंटाळलो आणि बायरडायनॅमिक डीटी २५० चे व्हेलर पॅड त्यावर चढवले. ते त्यावर बसतात, हा जुना जाणता जुगाड आहे. खर्ज जरा आवरला गेला, कान सुखावले. संवाद ऐकायला मला उलट बरं झालं. ज्याला सोनीवर ढोल ऐकायचा असेल तो शिव्या देईल.

डीटी ७७० चं नशीब असं की क्लोज्ड बॅक असूनही मूळ पॅड व्हेलरचेच आहेत. इथे एक चूक फार लोक करतात. डीटी ७७० आणि डीटी ९९० चे पॅड वरून जुळ्या भावांसारखे दिसतात आणि एकमेकांवर बसतातही. पण ९९० हा ओपन बॅक, ७७० क्लोज्ड, आणि दोघांचे पॅड कंपनीनं वेगळे ठेवलेत ते उगाच नव्हे. मागवताना ७७० साठी ७७० चेच मागवा. दुकानदार "चलेगा" म्हणेल. त्याचं चालेल, तुमचा खर्ज चालणार नाही.

मापाकडे येतो. "माझ्या हेडफोनला ९० मिलिमीटरचे बसतील का?" असं विचारणाऱ्याला मी सांगतो की नुसत्या व्यासावर पॅड घेणं म्हणजे नुसत्या उंचीवर शर्ट घेणं. चार मापं घ्या. बाहेरची लांबी-रुंदी. आतल्या भोकाची लांबी-रुंदी. जाडी, आणि ती पुढे-मागे सारखी आहे की नाही. आणि पॅड कपला कसा धरतो ते. भोकाचं माप सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कागदावर कान टेकवून भोवती पेन्सिल फिरवायला कोणाला तरी सांगा (माझ्या बायकोनं हे हसत हसत केलं, आणि तो कागद फ्रिजवर लावून ठेवला). मग कागदातलं ते कानाचं चित्र पॅडच्या भोकात मावतं का बघा. माझा कान ६५ मिलिमीटर उंच निघाला. ज्या पॅडच्या भोकाची उंची ६० आहे तो कानाभोवती बसणारच नाही, कानावर बसेल. तासाभरात पाळी दुखायला लागते.

पॅड धरण्याची तऱ्हा प्रत्येक घराण्याची वेगळी. एचडी ५८०, ६०० आणि ६५० या सेनहायझर भावंडांचे पॅड लांबट असतात, मागे प्लॅस्टिकचं कडं, ते कपच्या खाचांत टक् करून बसतं. काढताना कडेनं बोट घालून सरळ ओढायचं. पहिल्यांदा वाटतं की मोडलं, मोडत नाही. बायरडायनॅमिकच्या गोल पॅडला मागे कापडाची झालर असते, ती कपच्या ओठावर चढवायची. हे काम उशीला घट्ट अभ्रा घालण्यासारखं आहे. एका जागी झालर अडकवा आणि मग पॅड हळूहळू फिरवत न्या, आपोआप चढत जाते. ओढाताण केलीत तर शिवण उसवेल. अडलंच तर बाद झालेलं एटीएम कार्ड कामाला येतं, स्क्रू-ड्रायव्हर नको. एम५०एक्स आणि सोनीचीही झालरच. एकेजी के७०२ ला मात्र बाटलीच्या झाकणासारखं फिरवून काढायचं आणि फिरवून लावायचं. त्याचे पॅड एका बाजूला जाड असतात, जाड बाजू कानामागे. ही दिशा चुकली की आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. काही हेडफोनचे पॅड गोंदानं चिकटवलेले असतात. तिथे सोलण्याआधी दुप्पट खात्री करा की नवा पॅड हातात आहे.

आणि एक, जुना पॅड काढल्यावर ड्रायव्हरसमोर जी पातळ फोमची चकती दिसते ती फेकू नका. एचडी ६०० मध्ये ती आवाजाचाच भाग आहे. फक्त तिचाही भुगा होत असेल तर तीही नवी आणा. भुगा ड्रायव्हरच्या जाळीत जाणं बरं नव्हे.

आता माझी फसवणूक. एचडी ६०० च्या मूळ पॅडची किंमत बघून एकदा माझा हात आखडला. एका ऑनलाइन दुकानात हुबेहूब फोटो, 'एचडी ६००, ६५० साठी' असं स्पष्ट लिहिलेलं, किंमत पाचवा हिस्सा. मागवले. डबा उघडताच गोंदाचा असा वास आला की दुकानातल्या टिंक्चरची बाटली फुटली वाटावं. बसले मात्र झकास, टक् आवाजासकट. ऐकलं तर वडिलांचा ऑर्गन कोणीतरी पत्र्याच्या डब्यात ठेवून वाजवतोय. फोम टणक आणि जाड, कान ड्रायव्हरपासून लांब, आणि पॅड चेहऱ्याच्या वळणाला न बसता वर तरंगत होता. मी म्हटलं, बसतील हळूहळू. दहा दिवस वाट बघितली. परत करायची मुदत सात दिवसांची होती. शेवटी मूळ जोडी घेतलीच, म्हणजे एकूण खर्च जवळजवळ सव्वापट झाला. तेव्हापासून ऑनलाइन पॅड घेतले की पहिल्याच संध्याकाळी निकाल लावतो.

निकाल लावायची माझी पद्धत अशी. शक्य असेल तर एक कान नवा, एक जुना असा ठेवा आणि मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज सोडून, एकच गोष्ट ऐका. फोम दबलेल्या जुन्याशी तुलना पूर्ण न्यायाची नाही, पण फरक कुठल्या दिशेला आहे ते कळतं. मग दोन्ही नवे लावा. आधी ५० हर्ट्झची दाबून बघायची परीक्षा. मग मोनोमध्ये पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सरसर आवाज: तो बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. सरकणंही उलटलं तर दोष पॅडच्या बसण्यात. नाही उलटलं तर कानाचा डॉक्टर, किंवा निदान कानातला मळ. (हे मी औषधवाला म्हणून सांगतोय. कापसाची काडी मात्र घालू नका, मळ आत जातो.)

त्यानंतर संगीत. तानपुरा फार कामाचा. त्याच्या जवारीत वरचे सूर एवढे असतात की पॅड वरचे सूर खातोय की टोचवतोय हे दोन मिनिटांत कळतं. खर्जासाठी डग्गा, त्यातही तळहात घासून काढलेला लांब घुमारा. तो वर चढताना मधेच दबला किंवा फुगला तर गडबड आहे. आवाजासाठी ज्याचा गळा तुम्ही समोर बसून ऐकलाय असा गायक. एक सावधगिरी: आपल्याकडे भक्तिभाव असा की परीक्षेलाही लोक केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं लावतात. ऐका जरूर, केरीची ही बाई आपली आहे. पण त्या काळच्या तबकड्यांवर खर्ज आणि वरचे सूर दोन्ही फारसे उतरतच नसत, तेव्हा पॅडची परीक्षा त्यावर होत नाही. माझ्या कॅसेटींवरही पुरती होत नाही, तिथे 'स' आणि 'श' तेवढे कळतात. आणि दोन पॅड तोलताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे.

मेमरी फोमचा पॅड असेल तर पहिल्या आठवड्यात थोडा बसतो, त्याला तेवढी सूट द्या. पण 'पत्र्याचा डबा' आठवड्यात ऑर्गन होत नाही.

राहिली निगा. पीयूवर किंवा चामड्यावर सॅनिटायझर, स्पिरिट, अल्कोहोलचे पुसणे अजिबात नकोत. हे मी सांगतोय, ज्याच्या काउंटरवर त्यांची खोकी रचलेली असतात. मी स्वतः सोनीचे पॅड स्पिरिटनं पुसले होते; महिन्यात चिकट झाले. पाण्यानं ओलसर केलेलं सुती फडकं पुरे, लगेच कोरडं पुसून घ्या. तेल लावून ऐकायला बसू नका. माझी आई असती तर म्हणाली असती, मग गाणं बंद कर.

व्हेलर कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुता येतो. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबायचा. पण मार्च-एप्रिलमध्ये. मी एकदा हौसेनं जुलैत धुतला. पंख्याखाली चार दिवस, मग फ्रिजच्या मागे दोन दिवस, आणि शेवटी त्याला ओल्या पायपुसण्याचा जो वास लागला तो दिवाळीपर्यंत गेला नाही.

पावसाळ्यात हेडफोन खुंटीला टांगू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल. गोळ्यांच्या डब्यांतून निघालेल्या पुड्या लोक माझ्याकडे मागतात. देतो, पण त्या बहुतेक आधीच ओलावा पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे आणा, म्हणजे कधी भरले ते दिसतं. निळ्याचे गुलाबी होणारे नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या. भरले की मंद ओव्हनमध्ये कोरडे करून पुन्हा वापरता येतात. डब्यात आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवलंत तर उत्तम, ४५ ते ५५ टक्के ठीक. त्याच्या फार खाली गेलं तर चामडं उलट तडकू शकतं. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट आहे त्यांनी त्यातच एक कप्पा मोकळा करावा, आणि ऐकून उठल्यावर पॅड अर्धा तास उघड्यावर ठेवूनच आत टाकावा, नाहीतर घामही आत कोंडला जातो.

शेवटची सवय दुकानातली. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उघडली की गिऱ्हाइकाला मी तिच्यावर तारीख लिहायला सांगतो, कारण नंतर कोणालाच आठवत नाही. पॅडच्या मागच्या कड्यावर, आतल्या बाजूनं, तसंच लिहितो. त्या मुलाच्या नव्या पॅडवरही मीच लिहून दिली, औषधाच्या चिठ्ठीवर लिहितो त्याच अक्षरात. त्याला ती वाचता आली नाही, म्हणून खाली बायकोनं पुन्हा लिहिली.